कोटाशेजारची पिशवी

वहिनीला लोकरीचं व्यसन आहे, असं तिच्या नवऱ्याचं ठाम मत होतं. तिला ते मान्य नव्हतं. व्यसनी माणूस आणलेलं संपवतो तरी. वहिनी विणायची सुरेख, विणायची रोज, ग्रंथालयाच्या देवघेव काउंटरवर गर्दी नसली की टेबलाखाली एखादी ओळ उरकून घ्यायची. पण एक स्वेटर सुईवरून उतरेपर्यंत दुसऱ्या तीन स्वेटरांची लोकर घरात शिरलेली असायची. वहिनी हे नाव मूळचं नणंदेच्या तोंडचं. पुढे ते शेजाऱ्यांनी उचललं, मग ग्रंथालयानं, आणि आता नवराही भांडताना तिला वहिनीच म्हणत असे.

नवरा लिफ्ट-तपासनीस. किती माणसं, किती वजन, याची पाटी लावल्याशिवाय त्याला कुठलीच बंद पेटी सुरक्षित वाटत नसे. सोफ्यावर बसताना एकदा त्याला विणकामाची सुई लागली, तेव्हा त्यानं घरात कायदा केला. लोकरीला एक कपाट, आणि त्या कपाटाचं दार लागलं पाहिजे. वहिनीनं तो आढेवेढे न घेता मान्य केला. कपाट कुणाच्या घरातलं, हे कायद्यात म्हटलेलं नव्हतं.

त्यामुळे घरातलं दार नीट लागत होतं, आणि बाकीची लोकर नातेवाईक असल्यासारखी लोकांकडे राहत होती. थोडी शेजारणीच्या दिवाणात, थोडी ग्रंथालयातल्या हरवल्या-सापडल्याच्या कपाटात, बेवारस छत्र्यांच्या सोबतीला. आणि बरीचशी नणंदेकडे.

नणंद दातांची डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती आधी तोंड उघडायला सांगत असे. वरच्या घराची एक किल्ली झाडांना पाणी घालण्यासाठी वहिनीकडे असायची. आतल्या खोलीतल्या कपाटात निम्मी जागा वहिनीच्या पिशव्यांची, आणि उरलेल्या निम्म्यात एकच गोष्ट, सासूबाईंचा लोकरी कोट. सासूबाई गेल्या तेव्हा वाटणीत नणंदेनं तेवढाच मागून घेतला होता. अंगात घालत नसे. एकदा वहिनी न सांगता वर गेली होती, तर नणंद कपाट उघडून त्या कोटाच्या कॉलरला नाक लावून उभी होती. वहिनी आल्या पावली जिना उतरली आणि त्याबद्दल कधी बोलली नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर वहिनीच्या विणकाम मंडळातली सगळ्यांत जुनी बाई वारली. तिच्या सुनेनं मंडळाला निरोप धाडला की सासूबाईंची लोकर घेऊन जा, मला खोली मोकळी करायचीय. आयुष्य संपलं तरी लोकर उरते, हे मंडळात सगळ्यांनाच ठाऊक होतं. एका हातानं डोळे पुसत आणि दुसऱ्या हातानं पिशव्या चाचपत बायका त्या खोलीत बराच वेळ हळहळल्या. वहिनीच्या वाट्याला धुरकट निळ्या, हातानं कातलेल्या लोकरीची मोठी पिशवी आली. अशी लोकर आता कुणी कातत नाही.

परक्या घरची लोकर आली की आधी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवायची, म्हणजे तिच्यात लोकर खाणाऱ्या कसरीची अंडी असली तर मरतात. मंडळात नवी बाई आली की हा नियम तिला वहिनीच बजावत असे, आणि बजावताना तिचा आवाज जरा चढायचा. पण घरच्या फ्रीजरवर नवऱ्याचा डोळा. बर्फाशिवाय त्याला सरबत गोड लागत नसे. फ्रीजरमध्ये एवढी मोठी पिशवी दिसली असती, तर कायद्याला पोटकलमं जोडली गेली असती. म्हणून पिशवी थेट नणंदेच्या कपाटात गेली. वहिनीच्या मनात पाल चुकचुकली होती, नाही असं नाही. पण मेलेल्या बाईचं घर स्वच्छ होतं, टापटीप होतं. अशा घरात कसली आलीय कसर?

थंडीची चाहूल लागली तशी वहिनीनं त्यातला एक गुंडा घरी आणला आणि सुट्टीच्या दिवशी नमुना विणायला बसली. तिसऱ्याच ओळीला धागा तुटला. तिनं गाठ मारली. पुन्हा तुटला. आपला हात आज ओढून विणतोय, असं तिला वाटलं. मग तिनं गुंडा उलगडला, तर आतून रेतीसारखे बारीक कण मांडीवर सांडले. एका पदराला पांढुरक्या रेशमाची नळी चिकटली होती. वहिनी बघत राहिली तशी नळीतून एक डोकं बाहेर आलं आणि पाहुणे बघून परत आत गेलं.

खरं सांगायचं, तर तिला पहिला विचार लोकरीचा आला. कोटाचा दुसरा आला. पण तो आला तशी ती गुंडा तिथंच टाकून उठली.

नणंदेच्या झाडांना पाणी घालून येते, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. ती गावाला गेलीय का, असं त्यानं विचारलं. नाही म्हणाली. मग पाणी ती घालेल की, तो म्हणाला. झाडांना काय माहीत ती घरी आहे ते, असं काहीतरी बोलून वहिनी चपला घालून बाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत ती चालली, पुढे जवळजवळ पळाली. औषधांच्या दुकानदारानं काही हवंय का म्हणून हात केला. तिला हवं होतं ते त्याच्याकडे नसतं.

दवाखान्यात यंत्राची घरघर चालू होती. सुट्टीच्या दिवशीही कुणाची तरी दाढ ठणकतेच. म्हणजे नणंद अडकलेली आहे, देव पावला. वहिनी आवाज न करता वर गेली. कपाट उघडताच एक फिकट पाकोळी खिडकीकडे न जाता आतल्या अंधाराकडे उडाली. उजेडाला भिणारी पाकोळी कुठली असते, ते वहिनीला कुणी सांगायला नको होतं.

कोट तिनं पलंगावर पसरला. पाठीला काही नव्हतं. बाह्यांना नव्हतं. तिनं श्वास सोडला आणि कॉलर उलटली. कॉलरीखाली लोकर टक्कल पडल्यासारखी गेली होती, आणि एका जागी तिचं बोट आरपार निघालं.

कोट गुपचूप घरी न्यावा. रफू करावं. आणून टांगावा. कॉलरीखाली कोण बघतंय? हे सगळं मनात जुळेपर्यंत खालची घरघर कधी थांबली, ते तिच्या लक्षातच आलं नाही.

नणंद दारात उभी होती, मास्क हनुवटीवर. तिनं कोट पाहिला, उघडी पिशवी पाहिली, वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन भोकावरून अंगठा फिरवला.

"तुझी लोकर गेली ना गं, वहिनी?"

नणंद पलंगाच्या कडेवर बसली आणि स्वतःवरच चिडत बोलत राहिली. दुखत नाही म्हणून बघायचंच नाही असं करू नका, हे ती दिवसभर लोकांना ऐकवते. आणि हा कोट तिनं एकदासुद्धा उन्हात घातला नाही, झटकला नाही. उन्हानं त्याचा वास जाईल म्हणून. त्यात कसर झाली, आणि वहिनीच्या चांगल्या लोकरीत गेली. एवढ्या विश्वासानं ठेवली होती तिनं. आता हे घरात ठेवण्यात अर्थ नाही, म्हणत तिनं खणातून कचऱ्याची काळी पिशवी काढली आणि फडफडवून उघडली.

"टाकूनच देते. बाकीची तरी वाचेल तुझी."

सगळं किती छान जुळत होतं. वहिनीला खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं, फार तर जाऊ दे गं म्हणायचं. नणंदेनं एक बाही आत घातली. मग दुसरी. कॉलर आत जाण्याआधी तिचा हात जरासा थबकला.

"थांब," वहिनी म्हणाली. "कोटात नव्हती. मी आणली."

मग तिनं सांगितलं. वारलेली बाई, पिशवी, नियम, सगळं. नणंद रोग्याला विचारावं तसे प्रश्न विचारत गेली. कधी आणलीस? नियम माहीत होता? मग ठेवली का नाहीस फ्रीजरमध्ये?

"तुझा दादा बर्फ काढतो तिथून."

"म्हणजे दादाला पिशवी दिसू नये, म्हणून आईचा कोट."

"हो."

कोट कचऱ्याच्या पिशवीतून अर्धा बाहेर लोंबत होता. नणंदेनं तो ओढून काढला आणि मांडीवर घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं. नणंद ओरडत नसे, हीच तर पंचाईत. तिचे पेशंटही हेच सांगायचे.

वाचेल का, एवढंच तिनं विचारलं. वहिनी लोकरीबद्दल कधी खोटं बोलत नसे, आत्ताही बोलली नाही. आठवडाभर गोठवला तर किडे मरतील. भोकं राहतील. कॉलर ती रफू करून देईल, पण नीट बघणाऱ्याला रफू दिसेल. आणि नणंदेच्या फ्रीजरमध्ये हा कोट मावणार नाही. वहिनीच्याच फ्रीजरमध्ये न्यावा लागेल, तोही बर्फ, मटार, सगळं बाहेर काढून.

"आणि वास?" नणंद म्हणाली. "गोठवल्यावर वास राहतो का?"

लोकरीतलं वहिनीला बरंच कळत असे. कुठली आटेल, कुठली टोचेल, कुठल्या रंगाचं पाणी सुटेल. हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

"माहीत नाही गं," ती म्हणाली.

नणंदेनं कॉलर सरळ केली. मग म्हणाली, "दादाला फोन कर. फ्रीजर रिकामा करायला सांग. आणि का, तेही सांग. त्याचीसुद्धा आई होती ती."

वहिनीनं फोन लावला. नणंद खाली जाऊन दात टोकरायची बारीक सळई आणि डोक्याला लावायचा दिवा घेऊन आली. खिडकीशी बसली आणि कॉलरीच्या शिवणीतून एकेक अळी टिपून वाटीत टाकू लागली. तिनं वहिनीला बस म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही. पलीकडे नवऱ्यानं फोन उचलला आणि झाडांना किती वेळ पाणी घालतेयस, असं विचारलं. वहिनी भिंतीला टेकली.

"अरे, ऐक. मध्ये बोलू नकोस," ती म्हणाली, आणि पहिल्या पिशवीपासून सांगायला लागली.