तोफेची माणसं

चिमट्याच्या टोकाला तोफेचं शेवटचं चाक होतं. रस्त्यावरून धावणारं चाक नव्हे. नळी वरखाली करायला तोफची जे हाताने फिरवतो ते, आणि तेही खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाहून लहान. जनरलसाहेबांनी श्वास रोखला, सुईच्या टोकाने गोंदाचा ठिपका ठेवला, चाक टेकवलं आणि मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं. मग चिमटा सोडला. चाक जागचं हललं नाही.

“बसलं!” ते रिकाम्या खोलीला म्हणाले.

जनरलसाहेबांनी आयुष्यात कधी खरी बंदूकसुद्धा हातात धरली नव्हती. चौतीस वर्षं एका दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून त्यांनी कवळ्या केल्या. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवू लागले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन तोफांची छोटी मॉडेलं जोडायला घेतली. खोक्यात जोडणीची पुस्तिका आणि प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले दोन-अडीचशे सुटे भाग येत. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. जर्मन तोफाच का, असं कुणी विचारलं की ते म्हणत, “सांधे बघा त्यांचे. कवळीसारखे बसतात.” आठ वर्षांत कपाटात अकरा तोफा उभ्या राहिल्या आणि शेजाऱ्यांनी त्यांना परस्पर जनरल करून टाकलं. बायको मग ओघानेच जनरलीणबाई झाल्या.

आज पुरी झाली ती बारावी. विमानं पाडणारी, अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरची, लांब नळीची, अंगावर वाळूचा रंग. नळीवर पाच पांढरे पट्टे, एकही केसभर वाकडा नाही. ते पट्टे रंगवताना जनरलीणबाई चहा घेऊन आल्या होत्या.

“हे पट्टे कसले हो?”

“एक पट्टा म्हणजे एक पाडलेलं विमान. पाच विमानं.”

“आणि आतली माणसं?”

“ते पुस्तिकेत दिलेलं नाही,” जनरलसाहेब म्हणाले होते, आणि चौथ्या पट्ट्याकडे वळले होते.

हौशी मॉडेलकारांच्या मंडळाचं वार्षिक प्रदर्शन रविवारी होतं. आज गुरुवार, सकाळचे दहा. या प्रदर्शनात जनरलसाहेबांचा सलग सात वर्षं दुसरा नंबर आला होता, आणि पहिला का नाही हे सगळ्यांना पाठ होतं. परीक्षक पूर्वी जमिनी मोजायचे. ते भिंग घेऊन तोफेभोवती दोन चकरा मारत, कंबर धरून सरळ होत आणि दरवर्षी एकच वाक्य बोलत: “तोफ उत्तम. पण चालवणार कोण?”

कारण जनरलसाहेबांच्या तोफांजवळ माणसंच नसत. प्रत्येक खोक्यात पाच-सहा तोफची यायचे, बोटभर उंचीचे; पण माणसं काही त्यांना जमायची नाहीत. डोळे रंगवले की बिचाऱ्याने भूत पाहिलंय असं वाटे आणि ओठ रंगवले की त्याची दाढ दुखतेय असं. दात तेवढे जमले असते, पण सैनिक दात दाखवत नाहीत. त्यामुळे तोफ जोडायची आणि माणसं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची, असा रिवाज पडून गेला होता.

यंदा मात्र त्यांनी कंबर कसली होती. अर्जात ‘तोफ व तोफची’ या विभागापुढे खूण केली होती आणि माणसांच्या रकान्यात ‘पाच’ लिहिलं होतं. सात वर्षं ऐकलेलं ते वाक्य एकदा तरी परीक्षकांच्या घशात अडकलेलं त्यांना बघायचं होतं. चेहरे रंगवून द्यायला ते जनरलीणबाईंना सांगणार होते. बाईंनी सव्वीस वर्षं एका बेकरीत केकवर नावं लिहिली होती. त्यांच्या हाताला थरथर माहीत नव्हती. फक्त विचारायचं दोन महिने राहून गेलं होतं. आठ वर्षांत या टेबलावरच्या कामाबद्दल ते बायकोशी आपणहून एवढंच बोलले होते, की हलवू नकोस.

त्यांनी कपाटावरून डबा काढला. झाकण नेहमीसारखं रुसून बसलं होतं, ते नखाने उचकटलं.

आत नुसती हेल्मेटं होती. पन्नास-साठ तरी. शिवाय पाण्याच्या बाटल्या, फावडी, काडतुसांचे पट्टे, दोन सुटे हात. माणूस एकही नव्हता.

जनरलसाहेबांनी डबा हलवून पाहिला. मग तो तसाच घेऊन ते घराच्या दुसऱ्या टोकाला गेले. मुलगी नोकरीसाठी लांब गेल्यापासून तिची खोली रिकामी होती आणि जनरलीणबाई दिवसातला बराच वेळ तिथे बसत. विणकाम करत असाव्यात, अशी त्यांची समजूत होती.

“अगं, डब्यातली माणसं कुठायत?”

“कुठली?”

“माझी! तोफची!”

“ती होय? इथंच आहेत की. चपला काढून या, फरशी पुसलीय.”

मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर एक रस्ता वसला होता. केकच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची घरं, खिडक्यांना रंगीत पडदे, बेकरी, औषधांचं दुकान, कोपऱ्यावर एक बाक. आणि रस्ताभर माणसं. ती जनरलसाहेबांनी उभं राहण्याच्या ढबीवरूनच ओळखली. दुर्बीण लावून शत्रू शोधणारा अधिकारी आता छपरावरचं मांजर बघत होता. एका गुडघ्यावर बसणाऱ्या तोफचीला झगा आणि अंबाडा आला होता आणि तो, म्हणजे ती, पोरीच्या बुटाची नाडी बांधत होती. चाक फिरवणारा गडी आइस्क्रीमचं पिंप फिरवत होता. दोन्ही हातांनी छातीशी तोफगोळा धरून धावणाऱ्याच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं मूल होतं. हेल्मेटं गेली होती आणि त्या जागी केस होते, टकलं होती, टोप्या होत्या. चेहरे तर एकासारखा दुसरा नव्हता.

“हे तू केलंस?”

“नाही, उंदरांनी केलं. तुम्हीच म्हणालात ना मागच्या वर्षी, त्या डब्याचं काय हवं ते कर?”

“मी डब्याचं म्हणालो होतो!”

जनरलीणबाईंनी ब्रश पाण्यात बुडवला. जनरलसाहेब आणखी काही सुनावणार, तेवढ्यात त्यांची नजर बाकावर गेली. तोफ उडताना कान झाकून घेणारा सैनिक तिथे बसला होता. आता त्याला पांढऱ्या मिशा होत्या आणि केसाएवढ्या काड्यांचा चष्मा होता. शेजारी एक बाई बसली होती, तिचं तोंड उघडं होतं आणि हात हवेत होता.

“हा कोण?”

“असेल कुणीतरी.”

“हा मी आहे.”

“तुम्हाला तसं वाटलं का?” जनरलीणबाई गालातल्या गालात हसल्या. “मग असाल.”

जनरलसाहेबांनाही हसू येत होतं, पण ते येऊ देणं परवडणारं नव्हतं. त्यांनी बोट आइस्क्रीमवाल्याकडे वळवलं. “याचे दात फार पांढरे झालेत. खऱ्या दाताला किंचित पिवळी झाक असते.”

“मग विचारणार कुणाला? तुम्ही होतात कुठे?”

ते घराच्या दुसऱ्या टोकालाच होते, बारा पावलांवर. हे ध्यानात आलं तेव्हा जनरलसाहेबांना बोचलं, आणि बोचलं म्हणूनच त्यांचा आवाज चढला.

“रविवारी प्रदर्शन आहे! पाच माणसं अर्जात लिहून दिलीत मी! आता तिथे काय, हेल्मेटं मांडू?”

जनरलीणबाईंनी ब्रश पुसला. “मग न्या की. माणसं तुमचीच आहेत. थिनरमध्ये टाकलीत की रंग उतरेल. दुपटं मातीचंच आहे, खरवडलं की गोळा निघेल खालून. गणवेश मी चढवून देते पुन्हा, चेहऱ्यासकट. कोणते पाच हवेत?”

त्यांनी पुस्तिका बघून पाच जण सांगितले. बाईंनी एका वाटीत कापूस घातला आणि पाचही जणांना स्वतः उचलून त्यात निजवलं. बाकावरच्या बाईशेजारची जागा रिकामी झाली. तिचा हात तसाच हवेत राहिला.

शुक्रवारी सकाळी जनरलसाहेबांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, थिनरची बाटली काढली, काचेचं भांडं ठेवलं. रंग उतरवण्याआधी जागा नक्की कराव्यात म्हणून त्यांनी पाचही जण तोफेभोवती उभे करून पाहिले. आइस्क्रीमवाल्याचा हात काल बसवलेल्या चाकावर अचूक पडला. नाडी बांधणारी बाई तोफेच्या पायाशी वाकली. मांजर बघणारा अधिकारी थोडा मागे. कान झाकलेले पांढऱ्या मिशांचे गृहस्थ डावीकडे. मग त्यांनी शेवटचा उचलला आणि पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे तोफेच्या मागच्या तोंडापाशी नेऊन ठेवला, जिथून गोळा आत सरकवतात.

जागा तंतोतंत होती. उंची, हातांचा कोन, सगळं. दुपट्यातल्या मुलाचं डोकं नळीच्या उघड्या तोंडाशी बरोबर आलं होतं. दुपट्यातून एक मूठ बाहेर आली होती. तेवढ्याशा मुठीला बाईंनी बोटंही काढली होती.

जनरलसाहेबांनी तो माणूस झटकन उचलला आणि तळहातावर धरून बसले. आपण प्लास्टिकला घाबरलो याची त्यांना लाज वाटली, पण घाबरलो होतो हे खरं होतं. एरवी अशा नेमक्या सांध्याला त्यांनी ‘बसलं!’ म्हणून दाद दिली असती.

थिनरचं झाकण त्यांनी उघडलं. वास आला. मग परत लावलं, चांगलं घट्ट. नळीवरचे पाच पट्टे त्यांनी एकदा मोजले आणि वाटीत कापूस सारखा केला.

“हे चालणार नाहीत,” मुलीच्या खोलीच्या दारात चपला काढत ते म्हणाले.

जनरलीणबाई गडबडीने उठल्या. “का? काय चुकलं?”

“चुकलं कुठे? पण तोफेवरच्या कामाचे राहिले नाहीत ते. बघ ना, याला मांजर सोडून दुसरं काही दिसत नाही.”

“आणि तुमचा नंबर?”

“दुसऱ्याची सवय आहे मला,” ते म्हणाले. पहिला नंबर त्यांना हवा होता. अगदी मनापासून हवा होता. त्यांनी पाचही जण आपापल्या जागी ठेवले. कान झाकलेल्याला बाकावर बसवताना तो बाईच्या थोडा जवळ सरकवला. “तो हस्तिदंती रंग दे इकडे. आणि सर जरा, बसायला जागा कर. या आइस्क्रीमवाल्याचे दात बघवत नाहीत मला.”

एक दात, मग दुसरा. जनरलीणबाई भिंग धरून शेजारी बसल्या. औषधांच्या दुकानाशेजारी दाताचा दवाखाना असला पाहिजे, हे जेवायच्या वेळेपर्यंत ठरलं होतं. खिडकीत कवळी कुठली लावायची, यावरून मग बराच वाद झाला.

रविवारी जनरलीणबाई पहिल्यांदाच प्रदर्शनाला आल्या. सभागृहात लांब टेबलं मांडली होती. रणगाडे, जहाजं, विमानं, आणि पाचव्या टेबलावर बारावी तोफ, एकटी. परीक्षकांनी भिंग लावून दोन चकरा मारल्या, कंबर धरली, सरळ झाले. मग त्यांनी हातातला अर्ज डोळ्यांजवळ नेला.

“तोफ उत्तम. पण यंदा पाच माणसं लिहिलीत तुम्ही.”

“लिहिलीत खरी.”

“मग कुठायत?”

जनरलसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या अंगठ्याच्या नखावर हस्तिदंती रंगाचा ठिपका होता.

“बाजारात गेलीत,” ते म्हणाले.

परीक्षकांनी भिंग खाली केलं. सात वर्षांत या गृहस्थांकडून असं उत्तर आलं नव्हतं.

“परत कधी येणार?”

“सांगता येत नाही,” जनरलसाहेब म्हणाले. “एकाच्या हातात तान्हं मूल आहे.”