एक टीं वाजेपर्यंत

“काकू, बारीक टोकाचं काही मिळेल का? टाचणी नको, टाचणी वाकते.”

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस टेबलाखाली डोकं घालून बोलत होता. त्याचा चष्मा कपाळावर आणि डोकं अर्ध्यावर विरळ. वहिनींनी शिलाई मशीनचा खण उघडला. आत सुया होत्या, दाभण होता, कात्र्या तर तीन-तीन होत्या, पण त्यातलं काहीही कॉम्प्युटरला जोडलेल्या त्या डब्यात खुपसायला त्यांचं मन होईना. शेवटी त्यांनी हात मागे नेऊन अंबाड्यातली एक पिन उपसली, तिचे दोन पाय फाकवून सरळ केले आणि टेबलाखाली दिली.

“ही चालेल. पण दाबायच्या आधी एकदा विचारतो. काकांना सांगितलंय ना?”

“ते केस कापायला गेलेत,” वहिनी म्हणाल्या.

हे काही त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्यालाही ते कळलं.

नात्यागोत्यात आणि शेजारीपाजारी सगळे त्यांना वहिनी म्हणत, आणि त्यांच्या यजमानांना दादा. दादांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या मोजमाप खात्यात गेली. दुसऱ्यांची मापं बरोबर आहेत की नाहीत हे तपासायचं, हे त्यांचं काम. अशा माणसाशी संसार करणं म्हणजे काय, ते वहिनींना विचारावं. लग्न झाल्यापासून त्या घरात दादांची चूक अशी कधी झालीच नव्हती. किल्ल्या हरवल्या तर त्या वहिनींनी कुठेतरी ठेवल्या असणार. छत्री राहिली तर ती वहिनींनी आठवणीने द्यायला हवी होती. एकदा दादा एक पाऊल चुकून जिन्यावरून घसरले, तेव्हाही जिना कोणी पुसला होता याची आधी चौकशी झाली.

वहिनी ऐकून घेत. त्या ब्लाउज शिवत, गिऱ्हाइकांची बोलणी ऐकत, त्यातच हेही ऐकत. कधी फारच झालं, तर मशीनचा पायडल जरा जोरात चालवत.

निवृत्तीनंतर दादांनी हा डबा घेतला. पुस्तकाएवढा काळा डबा, आत दोन डिस्क, एकीवर जे तेच दुसरीवर, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी राहावी. घरात त्याला नाव पडलं कोठार. दादांनी आधी आपले फोटो त्यात भरले, मग भावाबहिणींचे, मग चुलत, आते, मावस, जे सापडतील त्यांचे. लग्नांच्या कॅसेटी, बारशाच्या कॅसेटी, कोणाच्या तरी आजोबांनी खोकत म्हटलेले चार श्लोक, सगळं. प्रत्येक चेहऱ्याखाली नाव. पुतणे त्यांना पाठीमागे चित्रगुप्त म्हणत. दादांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. लोकांनी मात्र एक केलं. “दादांकडे आहे ना,” म्हणून घरचे कसर लागलेले अल्बम टाकून दिले. त्यामुळे आता ज्याच्या त्याच्या आईवडिलांचे तरुणपणचे चेहरे होते ते या एका डब्यात, आणि डब्याचा पासवर्ड होता दादांच्या डोक्यात. लिहून ठेवा, असं मुलीने फोनवर शंभरदा सांगितलं. दादा म्हणायचे, “लिहून ठेवायला मी काय विसरभोळा आहे?”

गेले काही दिवस डबा पासवर्ड घेत नव्हता. दादांनी आधी कीबोर्डला दोष दिला, तो उलटा करून झटकला, मग नवीन आणला. मग वीज कमीजास्त होते म्हणाले. मग साहजिकच वहिनींचा नंबर लागला. “तू तिथे पुसतेस ना? हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं?” दादांनी घालून घालून इतके चुकीचे पासवर्ड घातले, की शेवटी डब्याने त्यांच्या कॉम्प्युटरला ओळखच द्यायचं सोडलं.

मग दादांनी कोणालाच दोष देणं बंद केलं. तेव्हा वहिनी घाबरल्या.

अंघोळ करताना दादा पाढे म्हणू लागले. हे नवीनच. दार लावून, पाणी सोडून, एकोणतिसाचा पाढा. म्हणून झाला की बाहेर येताना चेहरा जरा खुललेला असे. परवा वहिनी टॉवेल द्यायला गेल्या आणि दाराशी थबकल्या. “एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर,” आतून आलं. “एकोणतीस साते…” मग नुसतं पाणी. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सातापाशी पाणी. सातापुढचं उत्तर वहिनींना माहीत होतं. पण सांगितलं असतं तर त्या दाराशी उभ्या आहेत हे कळलं असतं, म्हणून त्या टॉवेल दाराच्या कडीला अडकवून परतल्या.

त्या दिवशी चहा पिताना दादा कपात बघत म्हणाले, “बाबांचंही असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या. मग घराचा पत्ता. मग आम्ही.”

“अहो, काहीतरीच काय! पासवर्ड काय, कोणीही विसरतं.”

“मी नाही विसरत,” दादा म्हणाले. पण हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं, की वहिनींना ते जेमतेम ऐकू आलं. जन्मभर ज्या तोऱ्याचा त्यांनी राग राग केला, तोच तोरा आता परत यावा असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन केला.

“हे बघा काकू,” तो आता टेबलाखालून बाहेर आला होता. “मागे एक भोक आहे, आत बटण. ते दाबून धरायचं. एकदा टीं वाजलं की सोडायचं. तेवढ्याने पासवर्ड पुसला जातो आणि नेटची जोडणी पहिल्यासारखी होते. आत भरलेल्याला धक्का लागत नाही. पण तसंच दाबून ठेवलं आणि दुसऱ्यांदा वाजलं, की सगळी मांडणीच उडते. तिथपर्यंत आपण जायचंच नाही.”

“म्हणजे फोटो राहतील?”

“राहतील. एकच भानगड आहे. काकांनी एखाद्या फोल्डरला वेगळं कुलूप घातलं असेल, तर ते बटणाने उघडणार नाही. त्याची किल्ली त्यांच्या डोक्यातच.”

“डोक्यातच,” वहिनी म्हणाल्या.

“मग? दाबू?”

“दाबा.” त्याने हात आत घातला तशा त्या पुन्हा म्हणाल्या, “थांबा जरा. आत सगळ्यांचं आहे हो. आमचं एकट्याचं नाही.”

“म्हणून तर दोनदा विचारतोय.”

वहिनींनी पदर सावरला. “दाबा.”

टीं.

त्याने पिन बाहेर काढली. डब्यावरचा हिरवा दिवा विझला, नारिंगी लागला, लुकलुकत राहिला. दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राहावं तशा वहिनी दिव्यासमोर उभ्या राहिल्या. मधे एकदा त्यांनी “हे असंच करतं ना?” असं विचारलं, आणि तो “असंच” म्हणाला. शेवटी दिवा हिरवा झाला. त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं, आणि पडद्यावर एकाखाली एक सगळे फोल्डर आले. मोठी आत्या. धाकटा. गावचं घर. लग्नं.

“कुलूप कशालाच नाही. सगळं जागच्या जागी आहे. एखादी गोष्ट लावून बघू या, म्हणजे खात्री पटेल. काय लावू?”

वहिनींनी विचारही केला नाही. “कॅसेटींमध्ये बघा. मुलीचे पाढे.”

खरखर झाली आणि खोलीत दादांचा आवाज आला. तरुण, घाईचा, कुणाचंही न ऐकणारा.

“एकोणतीस साते?”

“दोनशे…” लहान मुलीचा आवाज.

“दोनशे किती? दोनशे तीन! झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे.”

मागे कुठेतरी मशीनचा पायडल जोरात चालत होता.

“बंद करा,” वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि दुरुस्तीवाला मुद्दाम वायरी गुंडाळू लागला. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दादा आत आले ते मानेवर पावडर आणि कपाळावर आठी घेऊन. परका माणूस, उघडा कॉम्प्युटर, टेबलापासून सरकवलेला डबा, हे सगळं त्यांनी एका नजरेत मोजलं. पूर्वीचे दादा असते तर उंबऱ्यातूनच फैलावर घेतलं असतं. आता ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले, आणि आपल्याला काय ऐकावं लागणार आहे हे कळलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला.

“अहो, रागावू नका,” वहिनी म्हणाल्या. “माझ्याच हातून झालंय. मागच्या आठवड्यात पुसताना त्या मागच्या भोकात धूळ दिसली, म्हणून मी डोक्यातली पिन घालून कोरली. तेव्हा टीं वाजलं होतं. मला काय माहीत त्याने पासवर्ड जातो! तुम्ही घालत होता तो बरोबरच होता.”

दुरुस्तीवाल्याने वहिनींकडे पाहिलं. त्यांच्या अंबाड्यातली एक बट सुटून मानेवर आली होती, आणि सरळ केलेली पिन अजून त्याच्याच हातात होती.

“असं होतं?” दादांनी त्याला विचारलं.

त्याने पिन मुठीत घेतली. “त्या भोकात पिन गेली की पासवर्ड जातो, काका. मग जुना कितीही वेळा घाला, घेत नाही.”

दादा खुर्चीवर बसले. मान वर करून त्यांनी एक मोठा श्वास सोडला. मग हळूहळू त्यांचा आवाज चढत गेला, आणि वहिनींना तो ऐकून बरं वाटलं.

“अगं, ती काय धूळ कोरायची जागा आहे? डब्याला हात लावू नकोस म्हणून मी किती वेळा सांगितलं? तुला नसत्या ठिकाणी स्वच्छता सुचते! मी म्हणत होतोच, पासवर्ड बरोबर आहे. म्हणत होतो की नाही?”

“म्हणत होता.”

“आठ दिवस माझ्या डोक्याची मंडई झाली, आणि ही बाई एका शब्दाने बोलत नाही!”

“भीती वाटली हो.”

“भीती!” दादा दुरुस्तीवाल्याकडे वळले. “बघा. असा हा आमचा कारभार.”

जुना पासवर्ड खरोखर बरोबर होता की नव्हता, हे तपासायला आता काही मार्गच उरला नव्हता. दादांनी नवीन घातला, तोही हाताने पडदा झाकून. “लिहून ठेवा काका,” दुरुस्तीवाला म्हणाला. दादांनी कानशिलावर बोट ठेवलं. “इथे लिहिलाय.”

दारापर्यंत पोचवायला आलेल्या वहिनींच्या हातात त्याने पिन ठेवली. तो आणखी काहीतरी म्हणणार होता, पण जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून मगच वळला.

“एक टीं, काकू. दुसरी नाही.”

“लक्षात आहे,” वहिनी म्हणाल्या. पायडल किती दाबायचा आणि कधी सोडायचा, हे ज्यांना आयुष्यभर कळलं, त्यांना हे जमणारच होतं.

त्याच महिन्यात एका सकाळी दादा बराच वेळ कॉम्प्युटरसमोर बसले होते. वहिनी स्वयंपाकघरातून त्यांची पाठ बघत होत्या. कळा दाबल्याचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. त्यांचे कान लाल झालेले इथूनही दिसत होते. मग ते उठले आणि काही न बोलता फिरायला गेले. वहिनींनी अंबाड्यातली पिन काढली, वाकून बटण शोधलं, आणि एक टीं वाजताच हात काढून घेतला. दादा परत आल्यावर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “अहो, आज पुसताना परत चुकून पिन गेली बघा.”

दादांनी चप्पल काढली, पाणी प्यायलं. मग त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“किती वेळा सांगायचं तुला,” ते म्हणाले. पण आवाज काही चढला नाही.

पुढे ते पुन्हा झालं. आणि पुन्हा. वहिनींना आता दुरुस्तीवाला लागत नव्हता, आणि दादा बोलायचे तेही पुटपुटल्यासारखं. अंघोळीतले पाढे बंद झाले होते. मुलीचा फोन आला की दादा म्हणत, “सगळं ठीक आहे. तुझी आई तेवढी मधूनमधून डब्यात पिना घालते.” वहिनी शेजारी बसून हसत. मुलगीही हसे.

मग एक दिवस दादा कॉम्प्युटरसमोर बसले, थोडा वेळ नुसते बसून राहिले, आणि कळांना हातही न लावता उठले. “जरा पाय मोकळे करून येतो,” ते म्हणाले. दार ओढून घेतल्याचा आवाज आला. वहिनी ओले हात पुसत टेबलापाशी गेल्या.

डब्यावर मधोमध एक पिन ठेवलेली होती. दोन्ही पाय फाकवून, नीट सरळ केलेली.

वहिनींनी हात मागे नेऊन अंबाडा चाचपला. त्यांच्या पिना सगळ्या होत्या. ही कपाटातल्या डबीतून, मुद्दाम काढून आणलेली होती.

मग त्यांनी ती पिन उचलली, वाकल्या, आणि एक टीं वाजेपर्यंत बटण दाबून धरलं.