कौशल्याबाईंनी कमरेला खोचलेली चावी

मित्रांनो, जरा जवळ या, मी काही फुटत नाही. मी एक जुना ऑक्सिजनचा सिलिंडर आहे. चिखलीत धनेशभाऊंच्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात साखळीने बांधलेला असतो. अंगाने मी असा दांडगा, की मला कोणी उचलत नाही. मान धरून, तिरका करून, बुडावर गरगर फिरवत नेतात. हे काम उद्धवरावांइतक्या मायेने कोणाला जमत नाही. ते इथले जुने वेल्डर. बिडी ओढायची झाली, तर माझ्यापासून लांब, रस्त्यापलीकडे जायचे.

आम्ही दोघांनी मिळून पुष्कळ लोखंड कापलं. आमची गेटं रावेतच्या सोसायट्यांना लागली. लोक गेटाचं कौतुक करतात आणि माझ्यावर ओले हातमोजे वाळत घालतात!

मग कोरोना आला. धनेशभाऊंनी मला चाकणच्या प्लांटवर पाठवलं. तिथे माझी आतून-बाहेरून सफाई झाली, वॉल्व बदलला, आणि दवाखान्याचा ऑक्सिजन भरून मी शाळेतल्या कोविड केंद्रात आलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला पाहून कोणी हात जोडले.

एके दुपारी केंद्रात भरलेला असा मी एकटाच उरलो. नंबर होता तिथेच दाखल झालेल्या उद्धवरावांचा. मला त्यांच्या खाटेशी उभं केलं आणि माझा वॉल्व उघडायची चावी नर्स वर्षालीने त्यांच्या बायकोकडे, कौशल्याबाईंकडे सांभाळायला दिली. माझ्या माणसाच्या उपयोगी पडणार म्हणून मी खूश होतो. तेवढ्यात त्यांच्या घराशेजारी राहणाऱ्या सुरजला आणलं. नुकताच स्वतःच्या हळदीत, मास्क न लावता, पन्नास जणांबरोबर नाचलेला. आता धाप लागून त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

वर्षालीने दोघांच्याही बोटांना ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून पाहिलं.

"काकू, काका पालथं झोपून संध्याकाळी सिलिंडरची गाडी येईपर्यंत निभावतील. सुरज नाही निभावणार. चावी द्या."

कौशल्याबाईंनी चावी कमरेला खोचली. "का म्हणून? आम्ही वर्षभर उंबरा ओलांडला नाही. लेकीचं बाळ अजून फोनवरच बघतोय. अन् हा दारात डीजे लावून नाचला. त्याच्यासाठी ह्यांचा जीव टांगणीला लावू?"

"नाचला त्यो, खरं हाय ताई," सुरजच्या आई गवराबाई म्हणाल्या. "पर मरावं एवढं न्हाई वो नाचला."

मित्रांनो, कौशल्याबाईंचा राग मला खोटा वाटला नाही. खरं सांगतो, मलाही उद्धवरावांकडेच जायचं होतं.

तेवढ्यात उद्धवरावांनी हात वर केला. "कौशल्या, वागणुकीवर नंबर लावायचा म्हणलं, तर आधी माझ्या बिड्या निघतील. तू नको नको म्हणत असताना ओढल्या." त्यांना दम लागला. जरा थांबून म्हणाले, "दे चावी. मी होतो पालथा."

"आत्ता आठवल्या होय बिड्या!" असं म्हणून कौशल्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि चावी काढून गवराबाईंच्या हातात ठेवली.

मी सुरजला श्वास देत राहिलो, पण माझा सगळा जीव शेजारच्या खाटेत अडकला होता. कौशल्याबाई नवऱ्याची पाठ चोळत सुरजला पुटपुटत शिव्या घालत होत्या. मधेच वर्षालीला विचारत होत्या, "पोराचा आकडा चढला का गं?"

गाडी आली. काही दिवसांनी दोघंही आपल्या पायांनी घरी गेले. उद्धवरावांची बिडी तेव्हापासून सुटली.

आता मी पुन्हा लोखंड कापतो. मित्रांनो, माझी काळजी घ्या. मला उन्हात ठेवू नका, तेलकट हात लावू नका, आणि माझी चावी माझ्या गळ्यातच राहू द्या. समोर कोणी धापा टाकत असेल, तर आधी वॉल्व उघडा. तो काय करून आला, ते मागाहून विचारा, आणि हवं तर भरपूर रागवा. सुरज आपल्या मुलीला कडेवर घेऊन वर्कशॉपवरून जातो, तेव्हा डबा घेऊन आलेल्या कौशल्याबाई त्याला अजून त्या हळदीवरून बोलतात. तो मान खाली घालून ऐकून घेतो. पोरगी मात्र हात पसरून त्यांच्याकडे झेपावते.