उजागऱ्यांची बकुळ

सलोमीबाईंनी ज्ञानदेवच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली आणि शेजारच्या कबरीच्या कठड्यावर आडवी ठेवली.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "मी अजून हो म्हटलेलं नाही."

ज्ञानदेव या कबरस्तानात खणायचं काम करायचा. त्याने घाम पुसला आणि वर सूर्याकडे पाहिलं. "बाई, दहा वाजत आले. चारला पेटी येणार. ऊन चढलं की कुदळ बसत नाही. पुढं तुम्ही सांगाल तसं."

काल संध्याकाळी सलोमीबाईंचे यजमान शांतवन उजागरे गेले होते. वारज्याच्या दोन खोल्यांत त्यांना बर्फावर ठेवलं होतं. जाताना त्यांनी एकच मागणं केलं, "मला कृपापाशी ठेव." कृपा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. बावीस वर्षांपूर्वी, नऊ वर्षांची असताना, तापाने गेली. कबरस्तानात जागेची एवढी ओढाताण की घरातल्या माणसाची जुनी कबर उघडून त्यातच नव्याला ठेवतात. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. पण कृपाच्या डोक्याशी शांतवनांनी बकुळ लावली होती, आणि ती आता दोन पुरुष उंच झाली होती. झाड लावताना, याच मातीत पुन्हा कुदळ घालावी लागेल हे ना त्यांच्या डोक्यात आलं, ना बायकोच्या. पोरीला पुरून आलेल्या आईबापाला असलं काही सुचतं का?

"मावशी, मुळं तोडली तर झाड नाही राहणार," शेफाली म्हणाली. ही सलोमीबाईंच्या बहिणीची मुलगी. कालपासून तीच सगळं बघत होती. "आणि झाड ठेवायचं तर काकांना वाघोलीकडच्या नव्या कबरस्तानात न्यावं लागेल. ऑप्शन दोनच आहेत. चर्चच्या सेक्रेटरींना लगेच सांगायला हवं."

सलोमीबाई झाडाखाली बसल्या. खाली सकाळची फुलं पडली होती. बावीस वर्षं दर रविवारी उपासना संपली की दोघं इथे येत. शांतवनांच्या हातात प्लास्टिकचा कॅन असे, त्यात तांदूळ धुतलेलं पाणी. बसमध्ये लोक नाक मुरडत. नळाचं पाणी कबरस्तानातही होतं, पण घरचं पाणी मोरीत सोडायचं म्हणजे शांतवनांच्या जिवावर यायचं. माणूस भलताच हात आखडून जगला. एका खोलीत माणूस असेल तर दुसऱ्या खोलीत दिवा नाही. चप्पल तिसऱ्यांदा शिवायची. करमणूक म्हणजे वारज्याच्या टेकडीवर जाऊन पाखरं बघणं. "देवाने याला तिकीट लावलेलं नाही," असं वर ऐकवायचे.

ते सगळं सलोमीबाईंनी हसत सोसलं. सोसवली नाही ती दगडाची गोष्ट. कृपा गेल्यावर सहा वर्षांनी त्यांनी लोणची-पापड विकून कबरीवर दगड बसवण्यापुरते पैसे जमवले. शांतवन चर्चच्या ऑफिसात परवानगी आणायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "दगड नको. झाड आहे ना." बस, एवढंच. कारण नाही, काही नाही. त्या दिवशी सलोमीबाई नाही नाही ते बोलल्या. पोरीच्या नावासाठीसुद्धा तुमची मूठ सुटत नाही, असंही बोलल्या. शांतवन चहाची कपबशी विसळत राहिले. पुढे महिनाभर त्या घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

"वाघोलीला न्या," सलोमीबाई म्हणाल्या.

"मावशी, नक्की? काकांची शेवटची इच्छा..."

"झाड तोडलेलं त्यांना आवडलं नसतं. आयुष्यभर पान तोडू दिलं नाही त्यांनी कोणाला."

शेफालीला ते पटलं. ज्ञानदेवलाही पटलं, त्याने कुऱ्हाड उचलून पोत्यात गुंडाळली. सलोमीबाई पदराने तोंड पुसत बसून राहिल्या. खोटं कशाला बोला, त्यांना क्षणभर आत कुठेतरी गार वाटलं.

सेक्रेटरी अनंतराव जुनं रजिस्टर पोटाशी धरून आले. वाघोलीला न्यायचं म्हणजे इथली कबर उघडण्याचा अर्ज रद्द करायला हवा, आणि त्याला कबरीचा नंबर हवा. कालपासून तो कोणी बघितलाच नव्हता. उजागऱ्यांची बकुळ साऱ्या मंडळीला माहीत, नंबर कशाला लागतो? त्यांनी पानं उलटली, ओळीतल्या कबरी बोटाने मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"सलोमीबाई," ते हळूच म्हणाले, "जरा उठता का? तुम्ही बसलाय ना, ती कृपाची जागा आहे. बकुळ शेजारच्या कबरीवर आहे."

"काहीतरीच काय!"

"इथे लिहिलंय. झाडाखाली सायमन म्हणून कोणी आहेत. कुष्ठधामातून आणलेले. वारस नाही." त्यांनी पानात अडकवलेला एक कागद काढला. "आणि हे... माझ्या आधीच्या सेक्रेटरींना लिहिलेलं. हे मी पण आत्ताच बघतोय. तुम्हीच वाचा."

विजेच्या जुन्या बिलाची पाठकोरी बाजू. अक्षर शांतवनांचं, बारीक, कागद पुरवून पुरवून लिहिलेलं.

'सेक्रेटरीसाहेबांस सलाम. आज रजिस्टर पाहता कळले की पहिल्या पावसात लाकडी क्रूस वाहून गेल्यावर मी अंदाजाने झाड लावले ते चुकीच्या कबरीवर. दगड खऱ्या जागी बसवला तर माझ्या पत्नीस हे कळेल. ती झाडालाच कृपा म्हणते. झाड फुलल्यापासून तिचे रडणे थांबले आहे, ते पुन्हा सुरू व्हायला नको. म्हणून दगडाचा अर्ज मागे घेतो. तिला मी काहीतरी सांगेन. आपणही बोलू नये ही विनंती.'

सलोमीबाईंनी कागद दोनदा वाचला. मग त्या उठल्या, बाजूला झाल्या आणि आपण बसलो होतो त्या मातीकडे पाहत राहिल्या. तिथे गवतसुद्धा धड उगवलं नव्हतं, त्यांच्याच बसण्याने.

"मावशी, बरं झालं की!" शेफालीचे डोळे भरले होते. "झाडही राहील आणि काकाही इथेच. दोन्ही झालं."

"खण बाबा," सलोमीबाई ज्ञानदेवला म्हणाल्या. "इथे खण."

चारला पेटी आली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मंडळीने गीत म्हटलं, आणि ज्याने त्याने मूठमूठ माती टाकली. माणसं चांगली जमली होती. सलोमीबाईंचा हात धरून जो तो सांगत होता, झाडावर फार जीव हो तुमचा, नवऱ्याची इच्छाही बाजूला ठेवायला निघाला होतात. शेफालीनेच कौतुकाने ते सगळ्यांना सांगितलं होतं. सलोमीबाई मान हलवत होत्या.

रिक्षा आणायला म्हणून शेफाली फाटकाकडे गेली तेव्हा कुठे त्यांना एकटं राहता आलं. गुडघे दुखत होते तरी त्या ओल्या मातीशी खाली बसल्या.

"अहो," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "सकाळी मी तुम्हाला वाघोलीला पाठवत होते. झाडासाठी, असं सांगितलं लोकांना. झाडासाठी नव्हतं ते. त्या दगडाचा राग होता. म्हटलं, राहू दे याला एकट्याला."

फाटकाशी रिक्षा येऊन थांबली. शेफालीने हाक मारली.

"आलेऽऽ," सलोमीबाई म्हणाल्या आणि मातीवर तळहात टेकून उठू लागल्या. "तुम्ही एवढी वर्षं ते कोणाला सांगितलं नाहीत. आता हेही तुमच्यापाशीच ठेवा."