क्रूसाच्या सणाचं गीत

क्रूसाचा सण होऊन तीन दिवस झाले होते, पण मी घरात एका जागी बसले नव्हते. भात लावला की अंगणात जायचे, अंगणात गेले की गॅस आठवायचा. जीव थाऱ्यावर नव्हता, आणि त्याला कारण प्लासिड मास्तर.

आमच्या गावच्या क्रूसाच्या सणाला दर मे महिन्यात नवं गीत लागतं. वीस वर्षं ते मास्तरच लिहितात, चाल लावतात आणि माइकसमोर पेटी घेऊन स्वतःच खड्या आवाजात गातात. यंदाही त्यांचं गीत तयार होतं. पण सण समितीची चिटणीस मी, आणि मी कॅल्विनचं घेतलं. कॅल्विन गावातलाच पोरगा, वालीवला कारखान्यात कामाला असतो. त्यानं मोबाइलमधल्या एआयकडून दहा मिनिटांत गीत करून घेतलं, आम्ही ते स्पीकरवर लावलं. मास्तरांना आधी सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्यांना कळलं ते थेट क्रूसासमोर, पेटी उघडून बसलेले असताना.

चौथ्या दिवशी सकाळी ते स्वतःच आमच्या ओट्यावर आले. पेटी खाली ठेवली, वर गायनवृंदाच्या कपाटाची चावी ठेवली.

"हेलन, यापुढं मी लिहिनार नाय."

मी चहा ठेवायला उठले, परत बसले. मग तोंडाला येईल ते बोलत सुटले. तुमचं गीत सुंदरच होतं, पोरांनाही काही करू द्यायला हवं, पुढच्या वर्षी नक्की तुमचंच घेऊ. रडणाऱ्या पोराच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवावी, तसलं बोलणं. माझा मलाच राग आला.

"ते राहू दे," मास्तर म्हणाले. "मी तर उठून गेलो. लोक गायले का? खरं सांग."

"गायले. सगळे गायले. आमच्या सासूबाई पन गायल्या."

"आनि माझ्या गीतांना?"

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"तुमच्या गीतांना आम्ही नुसते ओठ हलवतो, मास्तर. तुम्ही पट्टी तुमच्या गळ्याची धरता. दुसऱ्या कडव्यात सूर चढला की कोनाचाच आवाज पोचत नाय. माइक तुमच्यापुढं, तुम्हाला तुमचाच आवाज ऐकू येतो."

"वीस वर्षं?"

"हो."

"मग ह्या गीताला कसा पोचला?"

"म्हाताऱ्या बायांना झेपेल असं खालच्या पट्टीत दे, असं कॅल्विननं त्या एआयला लिहिलं होतं. मीच लिहायला लावलं."

"मोबाइलला सांगितलंस," मास्तर म्हणाले. "मला नाय सांगितलंस."

इतकी वर्षं आम्ही न सांगण्याला मान देणं म्हणत होतो. मास्तरांना कोण सांगणार, असं म्हणून सगळेच गप्प.

"घाबरलो आम्ही," मी म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हनून गप्प बसलो, आनि एका सकाळी तुम्हाला पार बाजूलाच केलं. चुकलं माझं."

मला वाटलं, आता उठून जातील. त्यांनी पेटी ओढली, भाता उघडला.

"गेल्या वर्षीचं गीत. दुसरं कडवं. गा."

"आत्ता? शेजारी ऐकतील."

"गा म्हनतो ना."

गायले. आवाज फाटला. त्यांनी पट्टी एक घर खाली आणली. पुन्हा फाटला. आणखी खाली. समोरच्या घरातली खिडकी उघडली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी ते थांबेनात. चौथ्यांदा मात्र आवाज निघाला. मोठा, भरदार, माझा. कडवं संपेपर्यंत मीच दचकून ऐकत होते.

मास्तरांचं बोट त्याच सुरावर होतं. चेहऱ्यावरचा राग जराही उतरला नव्हता.

"इतकी वर्षं तू इथं होतीस," ते म्हणाले. "जा, सासूबाईंना बोलव."