रिटर्नची नळी

तिने नळीच्या टोकाच्या निपलमध्ये जाड खिळा घालून बघितला. खिळा तोंडाशीच अडकला. म्हणजे बरोबर जमलं.

वरून काही कळणार नव्हतं. नळी आठ एमएमची, नट चकचकीत, फक्त निपलचं आतलं भोक चारचं. पंपाकडून इंजिनाला जाणारी लाईन मात्र तिने अगदी चोख बसवली होती. नव्या इंजेक्शनचा पंप जुन्या कार्बोरेटरच्या दहापट दाबाने पेट्रोल ढकलतो, तिथे खेळ करायचा नसतो. खेळ होता तो रिटर्नला. जास्तीच्या पेट्रोलला टाकीत परत जायला वाट अरुंद मिळाली, की ते इंजिनातच घुसणार. रविवारी शर्यतीच्या रेघेवर, सगळ्या गावासमोर, मामाची गाडी काळा धूर ओकणार आणि जागच्या जागी बंद पडणार.

तिला तेवढंच हवं होतं.

तीन वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये एका गिऱ्हाइकाची गाडी पेटली. पेट्रोलच्या पाईपची क्लिप सैल राहिली होती, आणि ती मामाने आवळली होती. विझवताना हात तिचा भाजला, आणि मामाने सगळ्यांना सांगितलं, "पोरीने बसवली होती." तेव्हापासून गल्लीत तिचं नाव ठिणगी. इंजिनाला कोणी हात लावू देईना. ऑइल बदल, फिल्टर झटक, बस्स. आता मामालाच नटांचे बारीक आटे दिसेनासे झाले, तेव्हा कुठे भाचीची आठवण आली.

"झालं का गं, ठिणगे? का हीपण पेटवलीस?" मामा हसत आत आला.

"रिटर्न तेवढी राहिली."

त्याने हात पुढे केला. तो नळी डोळ्यांशी नेईल, काही दिसणार नाही, परत देईल, असं तिने गृहीत धरलं होतं. मामाने नळी सरळ तोंडाला लावली आणि फुंकली.

गाल फुगले ते फुगलेलेच राहिले. पलीकडून कशीबशी बारीक शिट्टी आली.

त्याने नळी खाली घेतली, ओठ पुसले.

"आत बारीक आहे."

"हो."

"चुकून?"

"नाही."

बाहेर बाकड्यावर पंक्चरवाला आणि रंगारी कशावर तरी खिदळत होते. मामा त्यांच्याकडे बघत राहिला.

"आग लागेल?"

"नाही. नुसती अब्रू जाईल. तुझी."

मामा बॉनेटला टेकला. "तुझ्या आईला सांगू?" तो म्हणाला, पण त्यात दम नव्हता.

तिने खणातून दुसरं निपल काढलं, आठचं, आणि फडक्यावर ठेवलं.

"बसवणार मीच, तुला दिसत नाही. कुठलं बसवू ते तू ठरव. आठचं हवं असेल तर बाहेर जाऊन सांग, तेव्हाची क्लिप कोणी आवळली होती."

"ह्या दोघांना?"

"गावभर ह्यांनीच केलं होतं."

मामाने मान खाजवली, नळी तिच्या हातात कोंबली आणि गेला. तिला त्याची पाठ दिसत होती. बाहेरचं हसणं थांबलं. तो खाली बघून काहीतरी पुटपुटला. रंगारी हळूच उठून उभा राहिला.

मामा वळला, तिच्याकडे न बघता आत आला.

"सांगितलं. बसव आता."

तिने पाना उचलला नाही.

"पंक्चरवाल्याला ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "परत सांग."