बुधवारच्या सह्या

आमच्या चाकणच्या टूलरूममध्ये डायची, म्हणजे साच्यांची, ड्रॉइंगं ज्या कॉम्प्युटरवर होतात, तो सोळा वर्षांचा आहे. नवा घ्या म्हटलं की रंगरावशेठ म्हणणार, चालतंय की. शेठ मुलखाचे चिकट. बॅकपला डिस्क मागितल्या, तर घरच्या भंगार कॉम्प्युटरमधल्या दोन काढून आणल्या. म्हणाले, "बुद्धरत्न, काय न्हाई ह्यात. पुसून वापर."

गुरुवारी सुट्टी, म्हणून काम बुधवारचं. कॉम्प्युटरमधली बॅकपची डिस्क काढून कपाटात ठेवायची, कपाटातली मशीनमध्ये घालायची, तिच्यावर सगळ्या ड्रॉइंगांची कॉपी घ्यायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची. डिस्क घातली की मशीन विचारतं, आधीचं सगळं पुसू का? हो म्हटलं की तीन तास गेले. माझी दिघीची बस साडेपाचला. मी कसला हो म्हणतोय! 'नाही' दाबून कॉपीला फाटा द्यायचा, सही ठोकायची आणि पळायचं. ऑडिटर यायचा, रजिस्टर बघायचा, खूश होऊन जायचा. त्याच्या बापानं कधी डिस्क उघडून पाहिली नाही. असे सव्वीस बुधवार गेले.

मग एक दिवस शेठ केबिनमध्ये आले आणि स्टुलावर बसले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या बायकोचं, कस्तुराकाकूंचं, वर्षश्राद्ध होतं. घरात फोटो ढीगभर, पण आवाज कुठंच नाही. नात मिनलला आठवलं, जुन्या कॉम्प्युटरवर आजीचा एक व्हिडिओ होता. आणि तो कॉम्प्युटर शेठनीच स्वतःच्या हातानं खोलला होता.

"पुसलंच असंल ना?" शेठ म्हणाले. "मीच म्हनलो व्हतो."

हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. माझी नोकरी शाबूत, सव्वीस सह्याही शाबूत. पण शेठ मान खाली घालून बसलेले. या माणसाची मला जन्मात कधी कीव आली नव्हती, ती तेव्हा आली. स्वतःची लाजही वाटली. म्हटलं, जाऊ दे नोकरी खड्ड्यात.

पुसलं नाही, असं सांगून मी शेठसमोरच डिस्क लावल्या. पहिल्या डिस्कवर काही नव्हतं. दुसरीवर सापडला. गॅसपुढं काकू, हात पिठाचे. कॅमेरा दिसल्याबरोबर करवादल्या, "ते खेळणं ठिवा आन पानी आना. भाकर करपाय लागली." पुढं तीन मिनिटं हेच.

शेठनी तीनदा पाहिलं, बाहीला नाक पुसलं. मग रजिस्टर ओढून पानं उलटायला लागले.

"म्हंजे सहा महिनं एक बी कॉपी न्हाई?"

"नाही, शेठ."

"तुला काढायलाच पायजे." शेठनी खिशातून पैसे काढून माझ्या हातात कोंबले. "पन आदी जा, हिच्यासाठी नवी डिस्क आन."

नोकरी आहे अजून. फक्त आता दर बुधवारी शेठ स्टूल ओढून माझ्या शेजारी बसतात. त्यांच्यादेखत मी 'हो' दाबतो. बस कधीच निघून गेलेली असते. कॉपी होईस्तोवर शेठ ती नवी डिस्क लावायला सांगतात आणि काकू आम्हा दोघांना भाकरीवरून झापत राहतात.